त्या पट्टीवर गाड्या लावू नका: आमच्या सोसायटीच्या समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आमची रो-हाऊस सोसायटी, घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

विषय: मागच्या पट्टीवर काँक्रीट टाकून पार्किंग करण्याचा ठराव रद्द करणे आणि सेप्टिक टँकची देखभाल पुन्हा सुरू करणे.

स. न. वि. वि.

गेल्या सर्वसाधारण सभेत तुम्ही तीन गोष्टी एका दमात मंजूर करून घेतल्यात. मागच्या कुंपणालगतच्या पट्टीवर काँक्रीट टाकून तिथे गाड्या लावायच्या. टाकी उपसण्याचा करार बंद करायचा, यापुढे ‘तुंबली की बघू’. आणि वाचलेल्या पैशांतून गेटवर कमान उभारायची. मी उभी राहून हरकत घेतली तेव्हा ‘काकू, लेखी द्या’ असं सांगण्यात आलं. लेखी दिलं. पोच मिळाली, उत्तर नाही. सभेच्या इतिवृत्तातही माझी हरकत दिसत नाही, चहापानाची नोंद मात्र आहे.

म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. सोसायटीचं नाव घालत नाही, कारण मला कुणाची शोभा करायची नाही. पण वाघबीळपासून गायमुखपर्यंत, मलवाहिनी पोचायच्या आधी बांधलेल्या ज्या वसाहती आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना हे आपल्याच आवारातलं वाटेल. त्यांनीही वाचावं.

माझा यात स्वार्थ आहे, तो आधीच सांगते. माझं घर ओळीतलं शेवटचं आणि सगळ्यात सखल. टाकीचं मेनहोल माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आणि सोसायटीची बोअरवेल माझ्या मागच्या भिंतीला लागून. टाकी भरून पाणी उलटं फिरलं तर ते आधी माझ्या न्हाणीत येणार. अध्यक्षांचं घर चढावर आहे, त्यांच्याकडे ते सगळ्यात शेवटी पोचेल. गेल्या पावसाळ्यात माझा नहाणी ट्रॅप, म्हणजे न्हाणीतल्या मोरीच्या तोंडाची जाळी, रात्री गुडगुडायला लागला होता. ती सूचना होती, आणि ती मी तेव्हाच तुमच्या कानावर घातली होती. शिवाय माझी नोकरी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. बाटलीत काय येतं हे बघून बघून डोळे पिकले आहेत.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या ठरावात त्या पट्टीला ‘वापरात नसलेली मोकळी जागा’ म्हटलं आहे. ती चोवीस तास वापरात आहे. आपल्या चोवीस घरांचं सांडपाणी जिथे खऱ्या अर्थाने स्वच्छ होतं ती तीच जागा आहे, टाकी नव्हे.

बऱ्याच जणांची समजूत अशी की सेप्टिक टँक म्हणजे मैला जिरवून टाकणारं यंत्र. तसं नसतं. टाकीत पाणी साधारण एक-दोन दिवस थांबतं. जड मैला तळाशी बसतो, तेलतूप आणि साबणाचा थर वर तरंगतो आणि मधलं, त्यातल्या त्यात निवळ पाणी टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या ‘टी’ आकाराच्या पाईपातून पुढे जातं. तळाचा मैला हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात, त्याचा आकार कमी होतो, पण तो संपत नाही. पुढे गेलेलं पाणी दिसायला बरं, पण रोगजंतू त्यात जवळजवळ तसेच असतात. काविळीचे, टायफॉइडचे जंतू आणि जंतांची अंडी याच पाण्यात सापडतात. हे पाणी वाटप चेंबरमधून त्या पट्टीखालच्या चार चरांत जातं. चरांत खडी, खडीत भोकांचे पाईप, खाली मुरूम. मुरमात हवा खेळती असते, तिच्यावर जगणारे जिवाणू या पाण्यातली घाण खातात, मातीचे कण रोगजंतू धरून ठेवतात आणि पाणी खाली झिरपेपर्यंत पुष्कळसं निर्धोक होतं. पृष्ठभागाजवळचा काही भाग उन्हाने आणि गवताच्या मुळांनी वर उडून जातो. भारतीय मानक 2470 हे सेप्टिक टँकचं मानक 1985 साली दोन भागांत निघालं: पहिला भाग टाकीबद्दल, दुसरा अख्खा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं पुढे काय करायचं याबद्दल. म्हणजे तुम्ही ज्या जागेवर गाड्या लावायला निघालात तिच्यासाठी देशाने वेगळं पुस्तक लिहिलं आहे.

त्यावर काँक्रीट टाकलं की काय होईल? हवा बंद होईल. बाष्पीभवन बंद होईल. वरून रोलर फिरेल, मग एसयूव्ही उभ्या राहतील, मुरूम दबेल, त्यातली पोकळी जाईल आणि जुने पाईप कुठे ना कुठे चेपतील. चरांच्या तळाशी एक काळा, चिकट थर धरत असतोच; हवा मिळते तोवर तो आटोक्यात राहतो. हवा तुटली की तो जाड होत जातो आणि पाणी मुरणं थांबतं. मग ते पाणी उतार शोधतं. उतार माझ्या घराकडे आहे. आणि तेव्हा दुरुस्ती करायची म्हटलं तर तेच नवं काँक्रीट फोडावं लागेल.

उपाध्यक्षांनी सभेत एक मुद्दा मांडला होता: काँक्रीट टाकलं तर पावसाचं पाणी चरांत उतरणार नाही, उलट फायदाच होईल. निम्मा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी नाकारत नाही. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मुरूम पावसाने तुडुंब भरला की सांडपाणी मुरायला जागा उरत नाही. पण आपल्याकडचं जास्तीचं पाणी पट्टीवर आभाळातून पडणारं नाही, ते येऊरच्या डोंगराकडून कुंपणाखालून वाहत येणारं आहे. त्याला उपाय आहे: कुंपणाच्या वरच्या बाजूला एक उघडी गटार खणून पाणी बाजूने वळवायचं, आणि पट्टीला मध्ये थोडा उंचवटा द्यायचा म्हणजे पाऊस साचत नाही. हे काम दोन गवंडी आणि चार मजूर करतात. कमानीपेक्षा स्वस्त.

पहिली हरकत ही. ती मोठी होती म्हणून लांबली.

दुसरी हरकत उपशाची. टाकी दोन-तीन वर्षांतून एकदा उपसावी असं केंद्र सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामागचा हिशेब साधा आहे: गाळ आणि वरची साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा अडला की मैल्याला बसायला वेळ मिळत नाही, तो पाण्याबरोबर चरांत जातो. टाकी भरली तर गाडी बोलावून रिकामी करता येते. चर मैल्याने भरले तर ते कोणतीही गाडी रिकामे करू शकत नाही, नवे खणावे लागतात, आणि नवे खणायला आपल्याकडे दुसरी जागा कुठे आहे? ‘तुंबली की बघू’ या धोरणाचा घोटाळा इथे आहे. टाकी तुंबल्याचं घरात कळतं तेव्हा चरांची वाट लागून गेलेली असते.

टाकी कधी उपसायची हे अंदाजाने ठरवायचीही गरज नाही. लांब काठीच्या टोकाला पांढरा टॉवेल गुंडाळून ती तळापर्यंत सोडायची, थोडा वेळ धरायची आणि सावकाश वर काढायची. काळ्या डागाची उंची म्हणजे गाळाची उंची. झाकण काढून थोडा वेळ बाजूला उभं राहायचं, वाकून आत डोकावायचं नाही आणि जवळपास काडी ओढायची नाही, एवढी काळजी घेतली की झालं. आणि उपसताना टाकी घासूनपुसून, ॲसिड टाकून ‘चकाचक’ करायची नसते. तळाशी थोडा जुना गाळ राहू द्यावा, जिवाणूंना विरजणासारखा तो लागतो. मागच्या ठेकेदाराने नेमकं उलट केलं होतं आणि समितीने त्याला शाबासकी दिली होती.

करार बंद करताना सचिवांनी एका पावडरीचे डबे आणून दाखवले. महिन्यातून एकदा फ्लशमध्ये टाकायची, मग गाडी लागत नाही म्हणे. मैल्यात जिवाणू मुळातच अमाप असतात, ते विकत आणावे लागत नाहीत. आणि वाळू, राख, केस, प्लास्टिक, पॅड खाणारी पावडर अजून निघालेली नाही.

तिसरी हरकत दोन घरांबद्दल आहे, पण दोष मी समितीला देते. नूतनीकरण करताना या घरांनी गच्चीच्या पावसाळी पाण्याचे पाईप सोयीसाठी मैल्याच्या चेंबरला जोडले. समितीने ना-हरकत दिली, बघायला कुणी आलं नाही. आता प्रत्येक मोठ्या सरीबरोबर ते पाणी टाकीत शिरतं, तळाचा गाळ ढवळतं आणि चरांत ढकलतं. माझ्या ट्रॅपच्या गुडगुडण्याचं मूळ बहुधा इथेच आहे.

माणसंही वाढली आहेत. मूळ आराखडा घरटी पाच जण धरून केलेला. माणशी 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं हा नेहमीचा ठोकताळा लावला तर 120 जणांचं दिवसाला 13 हजार लिटरच्या आसपास होतं. आज काही घरं मुलामुलींना पेइंग गेस्ट म्हणून दिली आहेत, काहींनी वर खोली काढली आहे, वॉशिंग मशीन तर सगळ्यांकडे. भाडेकरूंवर मी बोट ठेवत नाही, पोरं कष्टाने राहतात. पण घरमालकाने देखभाल शुल्क तेवढंच भरायचं आणि टाकीने मात्र वाढीव भार मुकाट सोसायचा, असं किती दिवस चालणार?

चौथी गोष्ट बोअरवेलची. पिण्याच्या पाण्याची विहीर आणि शोषचर, म्हणजे पट्टीखालचे आपले चर, यांत किमान 18 मीटर अंतर असावं असं मानक सांगतं. आपलं अंतर मी पावलांनी मोजलं आहे, तुम्हीही मोजा. ते बसत नाही. बोअरवेल नंतर पाडली गेली, तेव्हा कुणी विचार केला नाही. तुम्ही म्हणाल, ते पाणी आपण पीत नाही. पण घोडबंदर रोडवर एप्रिल-मे कसे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. नळाला धार नसते, टँकर दुपारी येतो की रात्री याचा भरवसा नसतो, तेव्हा त्याच बोअरच्या पाण्याने भांडी घासली जातात आणि भाजी धुतली जाते. पोरं क्रिकेट खेळून येतात आणि गेटजवळच्या नळाला तोंड लावतात. पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जिवाणू अजिबात आढळता कामा नये. मी घरी एच-टू-एस बाटलीची साधी चाचणी केली; पाण्यात मैल्यातले जिवाणू असले तर ती बाटली काळी पडते. बाटली काळी झाली. ती प्राथमिक चाचणी आहे, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे, हे मलाच सगळ्यांत जास्त कळतं. म्हणूनच रीतसर तपासणी करा म्हणते आहे. आपल्याखालचा खडक बेसॉल्टचा, त्याला भेगा असतात. मुरमात पाणी गाळलं जातं, भेगेत गाळलं जात नाही, सरळ धावतं. आपल्या बोअरला अशी एखादी भेग लागली असेल तर 18 मीटरसुद्धा कमी पडतील.

आता जे लिहिणार आहे ते वाचताना कृपा करून पान उलटू नका.

मागच्या उपशाच्या वेळी गाडीचा पाईप कोपऱ्यातल्या घट्ट गाळापर्यंत पोचेना. ठेकेदाराने एका पोराला सांगितलं, ‘उतर.’ त्याच्या अंगात बनियन, कमरेला दोरी, बाकी काही नाही. मी खिडकीतून ओरडले म्हणून तो थांबला. समितीचे दोन सदस्य तिथेच उभे होते आणि एकाने मला सांगितलं, ‘त्यांना सवय असते.’

टाकीतल्या विषारी वायूची सवय होत नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, माणसाला वाटतं वास गेला, आणि काही क्षणांत तो कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. मे 2019 मध्ये ढोकाळीला, आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, एका मोठ्या गृहसंकुलाच्या मैलापाण्याच्या टाकीत तीन सफाई कामगार असेच गेले. आपण सगळ्यांनी ती बातमी वाचली होती.

हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याचं कलम 7 असं आहे की कुणीही व्यक्ती, स्थानिक प्राधिकरण किंवा संस्था माणसाला गटारात वा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी उतरवू शकत नाही. ‘कुणीही’त सोसायटी येते. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पैशांचं तुम्हाला लवकर कळतं म्हणून आकडा दिला. खरं तर त्या पोराचं वय बघितलं असतंत तरी पुरलं असतं.

आणि गाडी भरून गेल्यावर कुठे रिकामी होते, हेही आपण कधी विचारलं नाही. टाकीतला गाळ प्रक्रिया केंद्रातच गेला पाहिजे, असं 2017 चं राष्ट्रीय मैला व्यवस्थापन धोरण सांगतं. रात्री एखाद्या नाल्यात सोडला तर तो खाडीत जातो आणि आपण पैसे मोजून आपली घाण गायमुखच्या कोळ्यांच्या जाळ्यात पाठवलेली असते. ठेकेदाराकडून पावती मागायला काय हरकत आहे?

गाड्यांचा प्रश्न खोटा आहे असं मी म्हणत नाही. संध्याकाळी आत यायला वाट राहत नाही, रुग्णवाहिका आली तर पंचाईत होईल. पण आतल्या रस्त्यावर एका बाजूला पार्किंग आणि दुसरी बाजू सक्तीने मोकळी, एवढं पाळलं तरी बरंच निभेल. बॅडमिंटन कोर्टाचं काय ते बघा; तिथे पापड सोडून काही खेळताना मी पाहिलेलं नाही. ज्या घराकडे तीन गाड्या आहेत त्याने तिसरीसाठी जास्त पैसे मोजावेत, हा विषय सभेत निघाला की सगळे घड्याळाकडे का बघतात?

माझ्या मागण्या अशा:

1. काँक्रीटचा ठराव रद्द करावा. तोवर त्या पट्टीवर जेसीबी, खडीचा ट्रक, रोलर, काहीही चढवू नये. चार कोपऱ्यांना दगड पुरून चरांची हद्द दाखवावी. तिथे हरळी किंवा कर्दळ चालेल. उंबर, पिंपळ, माड नको, मुळं पाईपात शिरतात.

2. टाकीची दरवर्षी पावसाळ्याआधी काठी घालून मोजणी, दोन-तीन वर्षांतून उपसा, आणि तारीख, गाडीचा क्रमांक, गाळ कुठे टाकला याची वही सूचना फलकाशेजारी.

3. उपसा फक्त यंत्राने. पाईप पोचत नसेल तर जास्त दाबाच्या पाण्याची गाडी मागवावी, माणूस उतरवू नये. केंद्र सरकारने या कामासाठी 14420 हा मदत क्रमांक ठेवला आहे, तो मेनहोलवर रंगवावा.

4. गच्चीचे पाईप या पावसाळ्याआधी चेंबरमधून काढावेत. खर्च त्या दोन घरांनी आणि ना-हरकत देणाऱ्या समितीने निम्मा-निम्मा करावा.

5. बोअरवेलच्या पाण्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, अहवाल सगळ्यांना. तोवर गेटजवळच्या नळावर ‘पिण्यासाठी नाही’ अशी ठळक पाटी.

6. आपल्याला मलवाहिनीची जोडणी मिळू शकते का, याची प्रभाग कार्यालयात लेखी विचारणा. ती मिळाली तर हा सगळा व्याप संपेल आणि मग त्या पट्टीवर काय करायचं ते करा, मी कुदळ मारायला येईन.

प्रभाग कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी हे वाचलं तर त्यांनाही एक सांगणं. आपल्या राज्यात वाई आणि सिन्नर या छोट्या नगरपरिषदांनी घरोघरच्या टाक्या ठरलेल्या क्रमाने उपसायची पद्धत बसवली. कुणी तक्रार करायची वाट बघितली जात नाही, पाळी आली की गाडी येते. तेवढ्या गावांना जमलं ते ठाण्याला जमू नये असं काही नाही. मलवाहिनी नसलेल्या वसाहतींची यादी करण्यापासून सुरुवात होऊ शकते.

घरोघरच्या भगिनींना आणि बंधूंना जाता जाता: तळणाचं तेल सिंकमध्ये ओतू नका, पॅड आणि वेट वाइप्स कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, ॲसिडची बाटली संडासात रिकामी करू नका, आणि सगळी धुणी रविवारी सकाळीच लावू नका.

समितीने पंधरा दिवसांत या पत्रावर विशेष सभा बोलवावी. तुम्ही बोलावली नाहीत तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 76 प्रमाणे एक पंचमांश सभासदांच्या लेखी मागणीवर ती एका महिन्यात बोलवावीच लागते. आपल्या चोवीस घरांत पाच सह्या पुरतात. सात झाल्या आहेत, त्यातली एक समितीतल्याच सदस्याची आहे. मागणीपत्र सोबत जोडलं आहे. सभेला येताना सचिवांनी कपाटातला मूळ ड्रेनेजचा नकाशा आणावा, काठी आणि टॉवेल मी आणते.

आपली,
शेवटच्या घरातली सभासद
ठाणे